एका घरात अर्धा सेकंद

फोन आला तेव्हा बाई चादरीची घडी घालत होत्या. दुहेरी चादर एकटीने घडी करायची म्हणजे मधली कड हनुवटीखाली दाबून धरावी लागते आणि दोन्ही हात पसरून टोकं जुळवावी लागतात. तोंड उघडलं की चादर सुटलीच. म्हणून त्यांनी कोपराने फोनचा स्पीकर लावला आणि नुसतं ‘हं’ केलं. पलीकडे फ्यूज होता. विद्यार्थी असताना त्याने एकाच सत्रात अकरा फ्यूज उडवले होते, तेव्हापासून हे नाव. आता तो त्याच प्रयोगशाळेचा प्रमुख होता, कानशिलं पिकली होती, सही करताना चष्मा शोधावा लागत होता. पण बाईंपुरता तो फ्यूजच. “बाई, जुनी यंत्रं काढतोय. सोमवारी भंगारवाला येणार. तुमचा तो पहिला डिजिटल स्कोपही जातोय. त्याच्यावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे अजून, ‘मेमरी बी पुसू नये’. मी म्हटलं विचारावं. पुसू का?” चादर सुटली आणि पायांवर पडली.

“अजून आहे ते?” बाई म्हणाल्या.

“न असायला काय झालं! इतक्या वर्षांत कुणाची हिंमत झालीय? मुलं म्हणायची, बी पुसलं तर बाई तोंडी परीक्षेत रडवतात.”

“ते मी बी न पुसताही रडवायचे.”

“ते मला सांगताय?” फ्यूज हसला. मग जरा थांबून म्हणाला, “आहे काय हो त्यात, बाई? कुणी म्हणायचं कसलातरी प्रमाण सिग्नल आहे. कुणी म्हणायचं कुठल्याशा गुप्त कामाचा आहे.”

“मी येते उद्या,” बाई म्हणाल्या. “तोवर हात लावू नको.” आणि फोन ठेवल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या, चादर पायांवर तशीच ठेवून. बी मध्ये धाकटी होती.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आठ वर्षांनी लहान, मागल्या हिवाळ्यात गेलेली. ती गेली त्यानंतर काही दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं होतं की तिचा आवाज जगात कुठेही उरलेला नाही. फोटो होते, हस्ताक्षर तर ढीगभर होतं, तिने विणलेला मफलर होता, आवाज मात्र नव्हता. धाकटी बोलताना अडखळायची. पाचव्या वर्षी सुरू झालं ते शेवटपर्यंत. त्यामुळे तिने कधी फोनवर निरोप ठेवला नाही. कुणी फोन समोर धरून ‘बोल ना काहीतरी’ म्हटलं की ती हसून तोंडावर हात धरायची. चुलत भाचवंडांच्या वाढदिवसांच्या चित्रफिती बाईंनी पुन्हापुन्हा पाहिल्या. त्यांत धाकटी दिसायची, ताटल्या उचलताना, फुगे बांधताना, सगळ्यांच्या मागे. बोलायचे ते सगळे इतर. गेल्या वर्षभरात बाईंच्या डोक्यातला तिचा आवाजही झिजत चालला होता. आधी त्यातली पट्टी गेली, मग हसण्याआधीचा तो बारीक श्वास गेला. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी मनात ‘ताई’ ऐकायचा प्रयत्न केला, आणि ऐकू आलं ते स्वतःच्याच आवाजात. त्या दिवशी त्यांनी उरलेले कपडे बादलीतच ठेवले. आणि आता हा फ्यूज विचारत होता, पुसू का. त्या उठल्या, चादर पुन्हा हनुवटीखाली धरली, पण टोकं काही जुळेनात, कारण बाईंना ठाऊक होतं की साठवलेली लहर म्हणजे आकडे असतात, आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करता येतो. त्यात काही जादू नाही. मायक्रोफोनसमोर कुणी बोललं की आवाजाची वीज होते, स्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र, त्या विजेची उंची ठरावीक वेळाने मोजून लिहून ठेवतो. ते आकडे त्याच वेगाने परत विजेत सोडले की स्पीकरचा पडदा थरथरतो आणि बोलणारा बोलतो. चौतीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं. इतकं साधं आपल्याला वर्षभर सुचलं कसं नाही, याचं त्यांना रात्री हसू आलं, आणि रडूही.

सकाळी बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि सगळा रस्ता त्यांना ती दुपार दिसत राहिली. अठरा वर्षांपूर्वीची. सुट्टीचा दिवस, प्रयोगशाळा रिकामी, आणि दोनच दिवसांपूर्वी खोक्यातून बाहेर काढलेला तो नवा स्कोप. त्याआधीचे सगळे जुन्या तऱ्हेचे, हिरव्या ठिपक्याचे. लहर डोळ्यांसमोरून गेली की गेली. याला आठवण होती. सिंगलचं बटण दाबलं की तो पडद्याच्या कोपऱ्यात ‘तयार’ असं दाखवून गप्प बसायचा, सिग्नल ठरावीक उंचीच्या वर गेला की एकदाच सगळं टिपायचा, आणि गंमत म्हणजे सिग्नल यायच्या आधीचाही थोडा वेळ जपून ठेवायचा. बाईंना नवं यंत्र मिळालं की त्या लहान व्हायच्या. तेव्हा दोघी बहिणी एकत्र राहत. आईवडील गेल्यानंतर तोच दोन खोल्यांचा संसार होता. धाकटी एका छापखान्यात प्रुफं तपासायची, दिवसभर पेन्सिल आणि शांतता. “चल, तुला गंमत दाखवते,” म्हणून बाईंनी तिला प्रयोगशाळेत नेलं. पण ती गंमत नव्हती, हे बाईंना आता बसमध्ये कबूल करावं लागलं. त्यांच्या डोक्यात उपचार होता. अडखळणं नेमकं कुठे होतं, किती मिलिसेकंदांचं होतं, हे एकदा डोळ्यांना दिसलं की ते दुरुस्त करता येईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मोजता आलं की दुरुस्त होतं. त्यांच्या टेबलावर आलेली बहुतेक यंत्रं तशीच तर दुरुस्त झाली होती.

धाकटी मायक्रोफोनसमोर बसली. बाईंनी सिंगल दाबलं, कोपऱ्यात ‘तयार’ उमटलं. धाकटीने तोंड उघडलं आणि नेहमीसारखी अडली. शब्द यायच्या आधीची ती बंद दारासारखी शांतता, मान किंचित उजवीकडे, डावा डोळा बारीक. घरी असतं तर एव्हाना बाईंनी वाक्य पुरं करून टाकलं असतं. लहानपणापासूनची सवय. दुकानात दुकानदार विचारायचा, “काय हवं गं छोटे?” आणि छोटीचा ओठ हलायच्या आत ताई सांगून मोकळी. शाळेत गुरुजींनी विचारलं, पाहुण्यांनी विचारलं, उत्तर ताईचं. वडील कौतुकाने म्हणायचे, “थोरली म्हणजे धाकटीची जीभ आहे जीभ!” आई मात्र कधीतरी पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, “बोलू दे गं तिला. कुठे आग लागलीय?” पण ताईला ते जमत नसे. धाकटीच्या चेहऱ्यावरचा तो ताण तिला बघवायचा नाही. आणि खरं सांगायचं तर धाकटीच्या मनातलं वाक्य आधीच ओळखण्यात तिला एक अभिमानही होता. ती कधी चुकत नसे. निदान धाकटी तिला कधी ‘नाही, तसं नाही’ म्हणाली नव्हती. त्या दुपारी मात्र बाईंनी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्यांचा आवाज सिग्नलमध्ये गेला असता. त्या गप्प बसल्या. यंत्र गप्प बसलं. शेवटी धाकटीचा आवाज आला, पडदा भरला, वाक्य संपलं. मग धाकटी मागे टेकून त्या कोपऱ्यातल्या ‘तयार’कडे बघत म्हणाली होती, “हे ब... ब... बरं आहे. वाट बघतं.” आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, “त्याला बिचाऱ्याला दुसरं काम काय!” हे बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. पण त्याआधी, मायक्रोफोनमध्ये, धाकटी काय बोलली होती? बस तीन थांबे पुढे गेली तरी आठवेना. त्या वेळी त्यांचं लक्ष बटणांवर होतं, पडद्यावर होतं. लहरीचा आकार अजून डोळे मिटून काढून दाखवता आला असता: सुरुवातीला एकामागोमाग तीन छोटे उठाव, मग सहाशे चाळीस मिलिसेकंदांचं मोकळं मैदान, मग एक मोठा उठाव, मग पुन्हा मैदान आणि शेवटचे दोन उठाव. आकडे तोंडपाठ होते, वाक्य नव्हतं. असू दे, बाई मनात म्हणाल्या. आज ऐकूच की.

प्रयोगशाळा तशीच होती. वितळलेल्या राळेचा आणि तापलेल्या धूळभरल्या ट्रान्सफॉर्मरचा वास, उंच खिडक्या, लाकडी टेबलांच्या कडांवर पिढ्यान् पिढ्यांच्या सोल्डरिंगचे डाग. फ्यूज दारातच उभा होता. “बाई, वाळलात तुम्ही.” “आणि तू फुगलास. सरासरी तीच राहिली,” बाई म्हणाल्या. त्याने एका कोपऱ्यातल्या टेबलावरचं प्लास्टिक काढलं. स्कोपची मोठी गोल बटणं बोटांनी झिजून चकचकीत झाली होती. चिठ्ठी पिवळी पडून कडक झाली होती, पण अक्षर ठसठशीत: ‘मेमरी बी पुसू नये.’ बाईंनी बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, यंत्राने सावकाश स्वतःची तपासणी केली, पडद्यावर चौकोनी घरांची जाळी उजळली. मेमरी ए मध्ये कुठलीशी चौकोनी लहर होती, वर्गात दाखवायची. त्यांनी बी लावलं.

ती आली. फिकट पांढरी, जाळीवर पसरलेली, अठरा वर्षांत एक ठिपकाही न हललेली. आधी अर्धा सेकंद काहीच नाही, ती शब्दाआधीची शांतता. मग तीन छोटे उठाव. मैदान. मोठा उठाव. बाईंनी नकळत पडद्याला बोट लावलं आणि काचेवर वाफेचा ठसा उमटला. “ही माझी बहीण आहे,” त्या म्हणाल्या. फ्यूजला धाकटी माहीत होती. सगळ्यांना माहीत होती, बाईंचा विसरलेला डबा आणून देणारी, न बोलता हसणारी. त्याने संगणक जवळ ओढला. “तिचा आवाज आहे हा. तुझ्या संगणकात आकडे घे आणि मला ऐकव.”

तो जुनी केबल शोधायला कपाटाकडे गेला, आणि तेवढ्यात बाईंची नजर पडद्यावरच्या त्या तीन उठावांवर राहिली आणि त्यांना दुसरी सकाळ आठवली, जी आठवायची नाही असं त्या बसमध्ये ठरवून आल्या होत्या. त्या दुपारनंतरचा आठवडा. वर्गात चाळीस मुलं, विषय कर्सर. पडद्यावरच्या दोन उभ्या रेघा सरकवून लहरीतलं अंतर कसं मोजायचं. बाईंना उदाहरण हवं होतं, उठाव आणि मोकळ्या जागा असलेलं. हाताशी बी होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही की हे काय आहे. “हा एक सिग्नल आहे,” एवढंच म्हणाल्या. “मोजा.” मुलांनी मोजलं. पहिल्या रांगेतली एक हुशार मुलगी उठून म्हणाली, “बाई, हा सिग्नल सदोष आहे. एकच पल्स तीनदा येतोय, आणि मध्ये सहाशे चाळीस मिलिसेकंद सर्किट अडकतंय.” कुणीतरी हसलं. आणि बाई म्हणाल्या, “बरोबर.” तास संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर त्यांना स्वतःचा चष्मा दिसला. सकाळी घरी विसरला होता. तो तिथे आपल्या पायांनी आला नव्हता. धाकटी कधी आली, दारात किती वेळ उभी राहिली, तिने ‘सदोष’ ऐकलं की ‘बरोबर’ ऐकलं, हे बाईंनी कधी विचारलं नाही, धाकटीने कधी सांगितलं नाही. संध्याकाळी तिने दोघींची ताटं मांडली, रोजच्यासारखी. चार महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी होती: ‘ताई, छापखान्याजवळ खोली मिळते आहे. जाण्यायेण्याचा वेळ वाचेल.’ चिठ्ठीत धाकटी कधी अडखळत नसे. बाईंनी त्याच दिवशी स्कोपवर ती दुसरी चिठ्ठी चिकटवली, पुसू नये म्हणून. पुन्हा कधी वर्गात दाखवलं नाही, आणि पुसलंही नाही. पुसणं म्हणजे कबूल करणं झालं असतं.

“मिळाली,” फ्यूज केबल घेऊन आला. जोडाजोडीला वेळ लागला. जुन्या यंत्राची भाषा नव्या संगणकाला कळेना. फ्यूज पुटपुटत, डोकं खाजवत राहिला, बाई मागून “वेग कमी कर, बावळटा, तो म्हातारा आहे” असं सांगत राहिल्या, आणि त्या दहा मिनिटांत दोघंही पूर्वीसारखे झाले होते. मग आकडे धावू लागले. अडीच हजार आकडे, एकाखाली एक. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. “लाव,” त्या म्हणाल्या.

आधी अर्धा सेकंद शांतता. मग स्पीकरमधून एक घरघर आली. जाड, ओली, लाकूड ओढत नेल्यासारखी. तीनदा तुटली, थांबली, पुन्हा आली, लांबवर, बंद डब्यातल्या भुंग्यासारखी. पाच सेकंद. संपलं. बाई वाट बघत राहिल्या, जणू अजून सुरूच व्हायचं आहे. “पुन्हा लाव.” पुन्हा तीच घरघर. ती स्त्रीची नव्हती, पुरुषाची नव्हती, कुठल्या जनावराचीही नव्हती. “वेग चुकलाय तुझा.” “नाही बाई.” “मग केबलने घाण केली असेल. आकडे तपास.” “तपासले.” फ्यूजने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला केव्हाच कळलं होतं. बाईंना त्याच्या मानेवरूनच दिसलं की त्याला कळलंय आणि सांगवत नाहीये. शेवटी तो पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत हळूच म्हणाला, “बाई, टाइमबेस बघता का एकदा?”

दर वर्षी, पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला बाई हेच सांगायच्या. लहरीकडे बघायच्या आधी खाली लिहिलेलं वाचा. एका घरात किती वेळ आहे ते कळल्याशिवाय तोंड उघडू नका. पडद्यावर शांत, सुरेख लाट दिसते आणि ती धादांत खोटी असू शकते. पंख्याचं उदाहरण द्यायच्या: जोरात फिरणाऱ्या पंख्याकडे डोळे मिटत-उघडत बघा, पाती सावकाश चालल्यासारखी दिसतील, उलटी जातील, थांबतीलही, दोष पंख्याचा नाही, तुम्ही फार क्वचित डोळे उघडताय. या फ्यूजला त्यांनी याच चुकीसाठी एकदा तासभर उभं केलं होतं. आता त्यांनी खाली वाचलं. एका घरात पाचशे मिलिसेकंद. दहा घरं, पाच सेकंद, अडीच हजार आकडे, सेकंदाला पाचशे. कागद लागला नाही. धाकटीचा आवाज बारीक, सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनं, तेही फक्त मूळ सुराची. त्याच्यावरची सगळी कलाकुसर, ज्यावरून माणूस ओळखू येतो, श्वास, दातांमधली हवा, शब्दाची कड, ती हजारांत. ते पकडायला सेकंदाला निदान सात-आठ हजार वेळा बघायला हवं होतं. यंत्राने पाचशे वेळा बघितलं. मधलं सगळं सांडून गेलं, आणि उरल्यासुरल्या ठिपक्यांना जोडून एक खोटी लाट तयार झाली, भुंग्याची.

आणि मग त्यांना स्वतःचा हात दिसला. अठरा वर्षांपूर्वीचा, टाइमबेसच्या गोल बटणावर. आधी एका घरात पंचवीस मिलिसेकंद होते. तो वेग आवाजाला बरोबर होता. त्यावर सगळ्या पडद्यात मिळून पाव सेकंद मावत होता. पण धाकटीचं वाक्य मावेना. पहिल्याच अक्षरात पडदा संपला. बाईंना संपूर्ण वाक्य एका पडद्यावर हवं होतं, सगळे थांबे एका नजरेत. त्यांनी बटण फिरवलं. पन्नास. शंभर. अडीचशे. प्रत्येक वेळी धाकटीला म्हणाल्या, “पुन्हा एकदा बोल.” ती पुन्हा बोलली, तेच वाक्य, घामाघूम होत. पाचशेला सगळं मावलं. तेव्हा बाई आनंदाने म्हणाल्या होत्या, “आता आलीस पूर्ण!” पंचवीसवर थांबले असते, बाईंच्या मनात आलं, तर आज धाकटीचं एक अक्षर माझ्याजवळ असतं. एकच, पण खरं. मला तिचं अडखळणं हवं होतं, तेवढंच यंत्राने दिलं. थांबे सगळे नीट जपले गेले, मिलिसेकंदापर्यंत बरोबर. आवाज मी टाकून दिला.

“काही करता येईल का?” त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना ठाऊक होतं की हा प्रश्न नापास विद्यार्थ्याचा आहे. न मोजलेलं नंतर मोजता येत नाही. फ्यूज म्हणाला, “मी काही फिल्टर लावून बघतो...” “खोटं बोलू नको,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडूनच शिकलास.”

पण वाक्य तरी? आवाज नाही तर नाही, ती काय बोलली तेवढं तरी. त्यांनी फ्यूजकडून मायक्रोफोन मागून घेतला. तो काही न विचारता जोडून देऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाईंनी बी पडद्यावर ठेवलं, त्याच्या खालच्या अर्ध्यात स्वतःची लहर यावी असं जमवलं आणि सिंगल दाबलं. ‘तयार.’ पहिला शब्द त्यांना ठाऊक होता. धाकटीचं त्यांच्याशी बोललेलं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू व्हायचं. “ता, ता, ता... ताई,” एकोणसत्तर वर्षांची बाई मायक्रोफोनमध्ये म्हणाली, आणि खाली तीन छोटे उठाव उमटले, वरच्यांच्या बरोबर खाली. त्या मुलीने ज्याला सदोष म्हटलं होतं ते एवढंच होतं. चाळीस जणांनी मोजली ती धाकटीने बाईंना मारलेली हाक होती. पुढे? “ताई... मला... भूक लागलीय.” जमेना, शेवट लांबला. “ताई... चल... घरी जाऊ.” जमलं; उठावावर उठाव बसला. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. पण अनुभवी माणसाने एका जुळणीवर विश्वास ठेवू नये. “ताई... हे... बंद कर.” तेही जमलं. “ताई... तू... किती छान.” तेही. तिन्ही तितकीच बरोबर. त्या दुपारी धाकटी थकली होती, की रागावली होती, की बहिणीचं कौतुक करत होती, हे त्या लहरीला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं. बाई थांबल्या. मायक्रोफोन खाली ठेवला.

फ्यूज जवळ आला. “बाई, मग... बीचं काय करू?”

उत्तर बाईंजवळ तयार होतं, आणि त्याबद्दल मनात काही शंका नव्हती. पुसून टाक. यात धाकटी नाही. यात फक्त मी तिच्यातलं जे मोजलं ते आहे, आणि ते मला आता कुणाच्या कपाटात, कुणाच्या वर्गात नको आहे. हे सगळं त्यांना सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. वाक्य आत अखंड उभं होतं, एक शब्दही इकडचा तिकडे नाही, आणि वाट बंद. एक सेकंद गेला. दीड. दोन. सवयीने त्या घरं मोजत होत्या. थोडं थांबला असता तर आलं असतं, अगदी घशापर्यंत आलंही होतं. पण फ्यूज भला माणूस. त्याला ते बघवेना. तो वाकला आणि मऊ आवाजात म्हणाला, “असू दे म्हणताय ना? कळलं मला. नाही पुसत. भंगारातही नाही जाऊ देत. माझ्या खोलीत ठेवतो, बी जसंच्या तसं, चिठ्ठीसकट. हेच ना?” आणि त्याचा चेहरा, आपल्याला बरोबर समजलं या समाधानाने, इतका उजळला होता की नाही म्हणायचं तर आता ते आधीचं सगळं पुन्हा चढून यावं लागलं असतं, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याचं समाधान मोडून. एवढं बळ बाईंजवळ नव्हतं. त्यांनी मान हलवली.

फ्यूज प्लास्टिक आणायला गेला. बाई तशाच बसून राहिल्या, आणि ते मान हलवणं त्यांच्या मानेत राहिलं, परक्याचं असावं तसं. मग हळूहळू ओळख पटली. मागल्या हिवाळ्यात, रुग्णालयातल्या त्या खिडकीशेजारच्या खाटेवर, दुपारी चार वाजता धाकटीने डोळे उघडले होते आणि बाईंकडे बघून बोलायचा प्रयत्न केला होता. मान किंचित उजवीकडे, डावा डोळा बारीक. बाईंना तो ताण बघवेना. “पाणी? पाणी हवंय ना?” त्या म्हणाल्या. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली, थोडं जास्तच, आणि तिने मान हलवली. त्यानंतर वर्षभर, भेटायला आलेल्या प्रत्येकाला, छापखान्यातल्या तिच्या सोबतिणींना, फोनवर भाचवंडांना, बाईंनी हेच सांगितलं होतं: शेवटी माझ्याकडे पाणी मागितलं तिने, माझ्या हातून प्यायली. सांगताना त्यांना त्यात मोठा आधार वाटायचा. पण ‘पाणी’ म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. धाकटीचे ओठ उघडे होते, आणि जीभ वरच्या दातांमागे टेकली होती, ‘ता’ म्हणताना टेकते तशी. बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांच्या नजरेतून असं काही सुटत नसे. तरी त्या पाण्यासाठी उठल्या होत्या. आणि धाकटीने, तहान नसताना, चमच्याचमच्याने ते सगळं पाणी पिऊन घेतलं होतं, सावकाश, एक थेंबही बाहेर न सांडता.